तिशीनंतरचा अरुंद जबडा: आधी हाड तपासा, मग तार की अलाइनर ते ठरवा

प्रश्न थोडक्यात असा आहे. वय 32. वरचा जबडा अरुंद, पुढचे दात एकमेकांवर चढलेले, एक सुळा हिरडीत उंच आलेला, खालचे पटाशीचे दातही वाकडे, आणि डाव्या बाजूच्या दाढा उलट्या बसतात, म्हणजे वरच्या दाढा खालच्या दाढांच्या आत येतात. लहानपणी तार लावायची राहून गेली. आता ओपीजी, म्हणजे सगळ्या दातांचा एकत्र एक्स-रे, काढून तीन ठिकाणी दाखवलं. एका डॉक्टरांनी चार दात काढून तार लावायला सांगितली. दुसऱ्यांनी दात न काढता नुसत्या अलाइनरवर, म्हणजे दातांवर बसणाऱ्या आणि काढता येणाऱ्या पारदर्शक प्लास्टिकच्या साच्यांवर, होईल म्हटलं. तिसरे म्हणाले, टाळूत स्क्रू बसवून किंवा शस्त्रक्रिया करून आधी जबडा रुंद करावा लागेल. यातलं खरं कोणतं, आणि या वयात जबडा रुंद होतो का?

आधी शेवटच्या प्रश्नाचं उत्तर देतो, कारण बाकी सगळं त्यावर अवलंबून आहे. वरचा जबडा या वयातही रुंद करता येतो, पण दातांवर बसवलेल्या साध्या प्लेटने किंवा अलाइनरने नाही. खालचा जबडा तसा रुंद होत नाही, कोणत्याही प्लेटने नाही. आणि अरुंद जबड्याच्या प्रत्येक प्रौढ रुग्णाला हाड रुंद करण्याची गरज असतेच असंही नाही. तिन्ही डॉक्टरांची मतं जुळत नाहीत म्हणून कुणी फसवतंय असं लगेच समजू नका. एकाने दातांची गर्दी पाहिली, दुसऱ्याने तुमची सोय पाहिली, तिसऱ्याने दाढांचा उलटा चावा पाहिला. तिन्ही गोष्टी एकाच तोंडात आहेत, पण त्यांची कारणं वेगवेगळी असू शकतात.

वरचा जबडा जन्मतः दोन भागांचा असतो. टाळूच्या मधोमध, पुढून मागे जाणारा एक सांधा असतो. लहान वयात तो सैल असतो, म्हणून शाळकरी मुलाच्या दाढांना धरून बसवलेला एक्स्पांडर, म्हणजे जबडा रुंद करणारं स्क्रूचं उपकरण, चावीने फिरवला की सांधा उघडतो आणि मधे नवं हाड भरतं. ही कल्पना जुनी आहे. 1860 मध्ये अमेरिकेत एमर्सन अँजेल यांनी साधारण चौदा वर्षांच्या मुलीच्या टाळूवर स्क्रू बसवून हे करून दाखवलं होतं, आणि पुढे कित्येक दशकं व्यवसायातल्या अनेकांना ते पटलंच नाही. वय वाढतं तशी या सांध्याची दोन्ही टोकं एकमेकांत गुंतत जातात आणि शेवटी हाड एकसंध होतं. हे कधी होतं याला पक्की तारीख नाही. कुणाचा सांधा सोळाव्या वर्षी बंद झालेला असतो, तर कुणाचा पंचविशीतही पूर्ण मिटलेला नसतो. म्हणून आता त्रिमितीय स्कॅन, म्हणजे सीबीसीटी, काढून सांध्याची अवस्था ए ते ई अशा पाच टप्प्यांत पाहतात. ए आणि बी म्हणजे सांधा मोकळा, सी मधली अवस्था, डी आणि ई म्हणजे आधी मागचा आणि मग पुढचा भाग जुळलेला. 32 व्या वर्षी बहुतेक जण डी किंवा ई मध्ये असतात, पण बहुतेक म्हणजे सगळे नव्हेत.

खालच्या जबड्याचे दोन अर्धे भाग बाळाच्या पहिल्या वर्षातच हनुवटीपाशी जुळतात. तिथे नंतर उघडायला सांधाच उरत नाही. आत झुकलेले खालचे दात सरळ उभे करता येतात आणि त्याने दातांची कमान थोडी रुंदावते. पण ते दातांचं काम झालं, हाडाचं नाही. त्यामुळे वरचा जबडा किती रुंद करायचा याची मर्यादा खालचा जबडाच ठरवतो. ‘दोन्ही जबडे मोठे करून देतो’ असं कुणी प्रौढ माणसाला सांगत असेल, तर नेमकं कुठलं हाड कसं मोठं होणार ते त्याला स्कॅनवर दाखवायला लावा.

आता तुमचा अरुंदपणा हाडाचा आहे की दातांचा, ते कसं ओळखायचं? थोडं तुम्ही घरीही पाहू शकता. आरशासमोर ताठ बसा, जिभेचं टोक टाळूवर शक्य तितकं मागे लावा, खालचा जबडा सैल सोडा आणि तोंड अगदी हळू मिटत या. दात पहिल्यांदा जिथे टेकतील तिथेच थांबा. वरच्या दोन मधल्या दातांमधली रेघ आणि खालच्या दोन मधल्या दातांमधली रेघ समोरासमोर आहेत का पाहा. मग नेहमीसारखे दात पूर्ण मिटा. मिटताना हनुवटी डावीकडे सरकली आणि खालची रेघ बाजूला गेली, तर तुमची अडचण फक्त डाव्या बाजूची नाही. वरचा जबडा दोन्हीकडे थोडा थोडा अरुंद आहे, आणि नीट चावता यावं म्हणून खालचा जबडा एका बाजूला सरकून बसतोय. हनुवटी अजिबात सरकली नाही, तर खरंच एका बाजूचाच दोष असू शकतो, आणि त्याचा उपचार वेगळा ठरतो. खुर्चीवर आम्ही हेच करतो, फक्त हनुवटीला आमच्या बोटांचा आधार देऊन आणि रुग्णाचे स्नायू सैल होईपर्यंत वाट पाहून. अनेकांना आपला जबडा रोज सरकतो हे त्या क्षणापर्यंत माहीतच नसतं.

पुढचं मात्र डॉक्टरांनीच पाहायचं. वरच्या दाढा कुठे झुकल्या आहेत? त्या गालाकडे झुकलेल्या असूनही चावा उलटा येत असेल, तर दातांनी जेवढी भरपाई करायची तेवढी आधीच केली आहे आणि उणीव हाडात आहे. अशा दाढा आणखी बाहेर ढकलणं धोक्याचं. उलट त्या टाळूकडे झुकलेल्या असतील, तर त्यांना सरळ उभं करण्यातच काही मिलिमीटर मिळून जातात. तिसरी शक्यता अशी की खालचा जबडाच पुढे आहे. कमान पुढे येते तशी तिचा मागचा रुंद भाग वरच्या अरुंद भागासमोर येतो आणि वरचा जबडा उगाच अरुंद वाटतो. प्लास्टरचे साचे, किंवा आता तोंडाच्या स्कॅनवरून केलेलं मॉडेल, हातात घेऊन खालचं मॉडेल योग्य जागी मागे सरकवलं की दाढांची रुंदी आपोआप जुळते का, ते दोन मिनिटांत कळतं. तुमच्या तिन्ही डॉक्टरांपैकी किती जणांनी साचे किंवा स्कॅन घेतले? प्रश्नात फक्त ओपीजीचा उल्लेख आहे. एवढ्यावर दात वाकडे आहेत आणि अक्कलदाढा कुठे आहेत ते कळतं. जबड्याची रुंदी त्यावर कळत नाही.

गर्दी आणि रुंदी या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. इथे बहुतेकांची गल्लत होते, म्हणून थोडा हिशेब मांडतो. सुळ्याच्या मागे दोन लहान दाढा असतात, आम्ही त्यांना उपदाढा म्हणतो. त्यांच्यातलं अंतर 1 मिलिमीटरने वाढलं, तर कमानीच्या घेरात साधारण 0.7 मिलिमीटर जागा मिळते. उंच आलेला सुळा आणि एकमेकांवर चढलेले दात धरून वर 8 मिलिमीटर जागा कमी आहे असं समजा. ती निव्वळ रुंदीतून काढायची तर उपदाढांमधलं अंतर 11 मिलिमीटरपेक्षा जास्त वाढवावं लागेल. एवढं रुंदावलं तर वरच्या दाढा खालच्या दाढांच्या पार बाहेर जातील. म्हणून फक्त गर्दी सोडवायला जबडा रुंद करणं चुकीचं आहे. जबडा रुंद करायचा तो खाली-वरची रुंदी जुळत नसेल तेव्हा. गर्दीला त्यातून जागा मिळाली तर ती वरकमाई समजायची.

जागा मिळवायचे बाकी मार्ग असे. दातांच्या मधल्या पृष्ठभागांवरचं इनॅमल बारीक घासता येतं. दोन दातांच्या एका सांध्यात साधारण अर्ध्या मिलिमीटरपर्यंत हे सुरक्षित मानतात, म्हणजे पुढच्या भागात मिळून अडीच-तीन मिलिमीटर. पुढचे दात थोडे पुढे आणता येतात, पण हिरडी पातळ असेल तर मुळं उघडी पडतात. दाढा मागे सरकवता येतात. त्यासाठी लहान स्क्रूंचा आधार लागतो आणि अक्कलदाढा आड येतात. आणि उपदाढ काढली तर प्रत्येकी साधारण 7 मिलिमीटर जागा मिळते.

दात काढायच्या नुसत्या कल्पनेने लोक घाबरतात, आणि त्या भीतीत भर घालणारं बरंच काही समाजमाध्यमांवर फिरत असतं. चांगल्या निदानानंतर उपदाढा काढल्या म्हणून कानाजवळचा जबड्याचा सांधा बिघडतो किंवा घोरण्याचा आजार होतो, याला आजवरच्या अभ्यासांत आधार मिळालेला नाही. ओठ मात्र थोडे मागे जातात. आपल्याकडे ओठ आणि दात मुळातच पुढे असलेले चेहरे भरपूर आहेत, आणि त्यांना हा बदल हवाच असतो. पण ज्यांचे ओठ आधीच चपटे आणि नाक-हनुवटी पुढे आहे, त्यांचे चार दात काढले तर चेहरा वय झाल्यासारखा दिसू शकतो. तुमचा बाजूने काढलेला फोटो माझ्यासमोर नाही. दात काढावेत की नाही यात त्या फोटोला साच्याइतकंच महत्त्व आहे. ज्या डॉक्टरांनी चार दात काढायला सांगितले, त्यांना विचारा की त्यानंतर ओठ कुठे येतील आणि डावीकडचा उलटा चावा कसा सुटेल. दात काढल्याने गर्दी सुटते, रुंदीची विसंगती सुटत नाही.

आता तुमच्या पर्यायांकडे वळतो. अरुंदपणा मुख्यतः दातांचा निघाला, किंवा हाडाची उणीव थोडी असली, तर तारेने किंवा अलाइनरने काम होतं. एकूण तीन-चार मिलिमीटरच्या आत दाढा-उपदाढा बाहेर घेता येतात. त्यापुढे नेलं तर हाड जागेवरच राहतं आणि दात तेवढे बाहेर झुकतात, भिंत न हलवता तिच्यात रोवलेले खांब बाहेर वाकवावेत तसे. मुळांच्या गालाकडच्या बाजूचं हाड मुळातच कागदासारखं पातळ असतं. ते विरतं आणि दोन-चार वर्षांत हिरडी खाली उतरून मूळ दिसू लागतं. साधा दातांवरचा एक्स्पांडर तिशीतल्या माणसाला लावू नये तो याचसाठी. संगणकावर अलाइनरचं जे सुंदर रुंदावलेलं चित्र दाखवतात, ते सगळंच्या सगळं तोंडात उतरत नाही. उपदाढांपाशी बऱ्यापैकी उतरतं, मागच्या दाढांपाशी कमी, आणि जे उतरतं त्यात झुकणं जास्त असतं. दुसऱ्या डॉक्टरांचं म्हणणं तुमच्या बाबतीत खरं ठरूही शकतं, पण दाढा टाळूकडे झुकलेल्या असतील तरच.

हाडाचीच उणीव असेल तर दोन खरे मार्ग उरतात. पहिला टाळूतल्या स्क्रूंवर बसवलेला एक्स्पांडर. याला मार्पे म्हणतात. टाळूच्या मधल्या रेघेच्या दोन्ही बाजूंना मिळून साधारण चार छोटे टायटॅनियम स्क्रू बसवतात. ते टाळूच्या हाडाचे दोन्ही थर पार करून वर नाकाच्या तळापर्यंत पोचलेले असावेत, म्हणजे जोर दातांवर न येता हाडावर येतो. त्या जागेपुरती भूल पुरते, दवाखान्यातच होतं. 2010 मध्ये कोरियातल्या डॉक्टरांनी विशीतल्या रुग्णावरचा याचा अनुभव प्रसिद्ध केला आणि मग ही पद्धत जगभर पसरली.

बसवल्यानंतर काय होतं ते नीट सांगतो, कारण रुग्ण घाबरतात ते इथेच. रोज ठरलेल्या वेळी आरशासमोर मान मागे करून, किंवा घरातल्या कुणाकडून, एक बारीक चावी स्क्रूच्या भोकात घालून पुढून मागे फिरवायची. एका फिरवण्यात साधारण पाव मिलिमीटरपेक्षाही कमी उघडतं. नाकाच्या मुळाशी, गालफडाच्या हाडात, कधी डोळ्यांच्या मधे दाब जाणवतो. शिंका येतात. बोलताना ‘स’ आणि ‘श’ जड होतात, आणि पोळीचा तुकडा टाळूला चिकटून बसतो. आणि मग एके सकाळी वरच्या दोन मधल्या दातांत फट दिसते. ती रोज वाढते, तीन-चार मिलिमीटरही होते. ऑफिसात लोक विचारतात. ही फट म्हणजे सांधा उघडल्याची खूण आहे, तिचं स्वागतच करायचं. फिरवणं थांबवल्यावर हिरडीतले तंतू दातांना एकमेकांकडे ओढतात आणि फट बरीचशी आपोआप भरते, उरलेली तारेने बंद होते. फिरवण्याचे काही आठवडे झाले तरी फट दिसत नसेल आणि दाब मात्र वाढत चालला असेल, तर फिरवणं थांबवून डॉक्टरांना गाठायचं. आपल्या मनाने ‘अजून चार वेळा फिरवून बघतो’ असं करू नका. स्क्रू वाकतात, जोर दाढांवर जातो, टाळूची त्वचा उपकरणाखाली दबून सुजते.

विशीत मार्पेने बहुतेकांचा सांधा उघडतो. तिशीनंतर यशाचं प्रमाण उतरतं, आणि पुरुषांमध्ये जास्त उतरतं. कधी दोन्ही बाजू सारख्या उघडत नाहीत. हे आधी सांगून, ‘उघडला नाही तर पुढे काय’ हेही ठरवून मगच सुरू करावं. उघडल्यावर उपकरण काही महिने तसंच तोंडात ठेवावं लागतं, प्रौढांमध्ये मी सहा महिन्यांच्या बाजूने असतो. मधल्या पोकळीत हाड पक्कं व्हायला वेळ लागतो, आणि घाईने काढलेलं उपकरण मिळवलेली रुंदी परत घालवतं. पुढच्या दातांवर तार किंवा अलाइनर दरम्यान सुरू करता येतात.

दुसरा मार्ग शस्त्रक्रियेच्या मदतीचा, सार्पे. तोंडाच्या व जबड्याच्या शल्यचिकित्सकाकडे, रुग्णालयात, पूर्ण भूल देऊन होतो. दातांच्या मुळांच्या वर दोन्ही बाजूंनी हाडात चीर देतात, टाळूच्या मधल्या रेघेत हाड मोकळं करतात, गरजेप्रमाणे मागचाही जोड सोडवतात. मग पाच-सात दिवस थांबून एक्स्पांडर रोज साधारण अर्धा मिलिमीटर फिरवतात. आठवडा-दोन आठवडे चेहऱ्यावर सूज, मऊ खाणं, काही आठवडे वरच्या ओठाला आणि हिरडीला बधिरपणा. सांधा पूर्ण जुळलेल्या, पाच-सहा मिलिमीटरपेक्षा जास्त रुंदी हवी असलेल्या माणसाला हाच मार्ग जास्त भरवशाचा आहे, आणि ‘शस्त्रक्रिया’ या शब्दाला घाबरून तो टाळू नये. पण वरचा जबडा पुढे-मागे किंवा वर-खालीही हलवायचा असेल, म्हणजे चावाच जुळत नसेल, तर दोनदा शस्त्रक्रिया करण्यापेक्षा एकाच वेळी जबडा तुकड्यांत करून बसवतात. रुंदी फार हवी असेल तर तसं केलेलं टिकायला अवघड जातं, मग आधी सार्पे आणि नंतर मोठी शस्त्रक्रिया असा क्रम लागतो. हा निर्णय ऑर्थोडॉन्टिस्ट, म्हणजे वाकडे दात सरळ करणारे तज्ज्ञ, आणि शल्यचिकित्सक यांनी एकत्र बसून घ्यायचा.

आणखी एक पर्याय आहे, तो तुम्हाला तिघांपैकी कुणी सांगितलेला दिसत नाही: मागचा उलटा चावा तसाच ठेवून फक्त पुढचे दात सरळ करणं. हनुवटी सरकत नाही, दाढा झिजलेल्या नाहीत, हिरड्या नीट आहेत, चावताना त्रास नाही, असं असेल तर दाढांचा उलटा चावा आयुष्यभर निमूट चालू शकतो. तो सुटायलाच हवा असं नाही. पण हनुवटी सरकत असेल, किंवा त्या बाजूचे दात झिजून सपाट होत असतील, हिरडी उतरत असेल, तर मी तो सोडवायचा आग्रह धरीन. चावा तसाच ठेवणं हे तडजोडीचे उपचार आहेत हे डॉक्टर आणि रुग्ण दोघांनी उघडपणे मान्य करून केले तर त्यात कमीपणा काही नाही.

तार की अलाइनर, हा प्रश्न मी मुद्दाम उशिरा घेतला. ही साधनं आहेत. धातूची ब्रॅकेट, म्हणजे दातांवर चिकटवायचे, तार धरून ठेवणारे छोटे तुकडे, सगळ्यांत स्वस्त आणि सगळ्यांत भरवशाची. सिरॅमिक दिसत कमी, पण ठिसूळ, आणि काढताना काळजी लागते. दातांच्या आतून लावायची तार बाहेरून दिसत नाही, जीभ मात्र सुरुवातीला सोलते. अलाइनर दिवसात 20 ते 22 तास लावले तर चालतात. एकेक अलाइनर दात साधारण पाव मिलिमीटर सरकवतो, त्यामुळे जे दुपारी डब्याला काढून ठेवलेले अलाइनर संध्याकाळी लावतात, त्यांचे दात मागे पडत जातात. तुमचा तो उंच सुळा खाली ओढणं तारेला सोपं, अलाइनरला अवघड. माझ्याकडे असे रुग्ण काही महिने तारेवर आणि नंतर अलाइनरवर असा मिश्र उपचार घेतात. स्वतः बंद होणाऱ्या, रबर न लागणाऱ्या ब्रॅकेटने जबड्याचं हाड रुंद होतं असा दावा ऐकाल. तो खरा नाही. त्याने उपचार लवकर संपतो हेही अभ्यासांत दिसलेलं नाही. एकूण कालावधी तारेवर दीड ते दोन वर्षं धरा, हाड रुंद करायचं असेल तर त्यात सहा-आठ महिने मिळवा.

सुरू करण्याआधी हिरड्या. पस्तिशीच्या आसपास आलेल्या माणसात मी सगळ्यांत आधी हिरडी तपासतो, दात नंतर. सूज असताना दात हलवले तर हाड झपाट्याने जातं. हिरडीच्या आजारात दात हलवता येतात, पण आधी तो आजार आटोक्यात आणून, आणि मग दर तीन-चार महिन्यांनी स्केलिंग, म्हणजे दातांवर साचलेला थर काढून सफाई, करत. मधुमेह असेल तर साखर ताब्यात हवी. हाडं ठिसूळ होण्यावरची औषधं घेत असाल तर ते नक्की सांगा, त्याने दात हलण्याचा वेग आणि जखम भरणं दोन्ही बदलतं. तंबाखू आणि मिश्री बंद. सुपारी-गुटख्याने तोंड उघडणं कमी झालेलं असेल, तर टाळूपर्यंत हात आणि उपकरण पोचतच नाही, त्याचा उपचार आधी. चंद्रपूर, यवतमाळ, नांदेडकडच्या फ्लोराइडयुक्त पाण्यावर वाढलेल्यांच्या डागाळलेल्या इनॅमलवर ब्रॅकेट नीट चिकटत नाहीत आणि वारंवार सुटतात. हे डॉक्टरांना आधी माहीत असलं की ते इनॅमल तयार करण्याची पद्धत बदलतात. वाकडे दात सरळ झाल्यावर दातांच्या मधे हिरडीपाशी छोटे काळे त्रिकोण दिसू शकतात, प्रौढांमध्ये हे नेहमीचं आहे. मुळांची टोकं काही जणांत थोडी आखूड होतात. या दोन्हींची कल्पना सुरुवातीला दिली गेली पाहिजे.

श्वास आणि झोपेबद्दल. वरचा जबडा रुंद झाला की नाकाचा तळही रुंद होतो, आणि काहींना नाकाने श्वास घेणं सोपं जातं. पण घोरणं किंवा झोपेत श्वास अडकणं हा निदान करून उपचार घ्यायचा आजार आहे. त्यासाठी झोपेची चाचणी आणि कान-नाक-घशाच्या डॉक्टरांचं मत लागतं. ‘जबडा रुंद करा, झोपेत श्वासासाठी लावायचं मशीन सुटेल’ असं आश्वासन कुणी देऊ नये. जीभ टाळूला चिकटवून ठेवण्याच्या व्यायामाने प्रौढाचा जबडा रुंद होतो, हेही खरं नाही. जिभेची सवय सुधारणं चांगलंच, पण जुळलेला सांधा त्याने उघडत नाही.

डॉक्टरला न भेटता, घरी साचा घेऊन कुरियरने येणाऱ्या अलाइनरपासून तुम्ही तरी लांब राहा. तुमच्या तोंडात उलटा चावा आणि उंच सुळा आहे, तो कुणीतरी हाताने तपासायलाच हवा. अमेरिकेतली स्माइल डायरेक्ट क्लब ही या पद्धतीची मोठी कंपनी डिसेंबर 2023 मध्ये बंद पडली आणि कितीतरी लोकांचे उपचार अर्ध्यावर राहिले.

उपचार करणारी व्यक्ती ऑर्थोडॉन्टिक्समध्ये एमडीएस आहे का आणि राज्य दंत परिषदेकडे तशी नोंद आहे का, हे विचारायला संकोच करू नका. एमडीएस म्हणजे बीडीएस या दंतवैद्यकाच्या पदवीनंतरचा तीन वर्षांचा अभ्यासक्रम. खर्चाची अडचण असेल तर मुंबईतलं शासकीय दंत महाविद्यालय आणि नायर, नागपूर व छत्रपती संभाजीनगरची शासकीय दंत महाविद्यालयं, गोव्यात बांबोळीचं दंत महाविद्यालय, इथे ऑर्थोडॉन्टिक्सचे विभाग आहेत. तिथे रांग असते, फेऱ्या जास्त होतात, पण शल्यचिकित्सक त्याच इमारतीत असतो, आणि तुमच्यासारख्या रुग्णाला ही गोष्ट फार उपयोगी आहे. खाजगी दवाखान्यात खर्चाचा आकडा विचारताना त्यात एक्स-रे, सीबीसीटी, सुटलेली ब्रॅकेट परत बसवणं, नंतरचे जादा अलाइनर आणि सरळ झालेले दात जागेवर धरून ठेवणारे शेवटचे रिटेनर धरलेत का, हे लिहून घ्या.

रिटेनरचं सांगतोच. प्रौढांचे दात परत फिरायला टपलेले असतात, रुंदावलेली कमान तर फारच. पुढच्या दातांच्या मागे चिकटवलेली बारीक तार, आणि वरच्या जबड्यासाठी काढता येणारा रिटेनर, पहिलं वर्ष जवळजवळ दिवसभर आणि मग रोज रात्री. किती वर्षं, असं विचारलंत तर दात आहेत तोवर. हे जमणार नसेल तर उपचाराचा खर्च करू नका, इतकं मी स्पष्ट सांगतो.

तुमच्या जागी मी काय केलं असतं? आधी हिरड्यांची पूर्ण तपासणी आणि स्केलिंग. मग तोंडाचा स्कॅन, सेफॅलोग्राम (डोक्याचा बाजूने काढलेला एक्स-रे) आणि वरच्या जबड्याचा सीबीसीटी, त्यात सांध्याची अवस्था आणि दाढांच्या मुळांबाहेरचं हाड दोन्ही पाहून घेतलं असतं. सांधा सी अवस्थेत किंवा जेमतेम डी मध्ये असेल आणि हाडाची उणीव खरी असेल, तर मार्पे, पण उघडला नाही तर सार्पे हे आधीच ठरवून. सांधा ई मध्ये आणि उणीव मोठी असेल, तर सरळ सार्पे. उणीव दोन-तीन मिलिमीटरची आणि दाढा आत झुकलेल्या असतील, तर तार, आणि गर्दी किती उरते त्यावर दात काढायचे की घासायचे ते. खालचे दात काढायचे की नाही, हा निर्णय वरचं ठरेपर्यंत थांबवला असता, कारण काढलेला दात परत लावता येत नाही आणि वरची रुंदी मिळाल्यावर खालचा हिशेब बदलू शकतो.

स्कॅन झाला की डॉक्टरांकडून लेखी अहवाल आणि त्याची फाइल पेन ड्राइव्हवर मागून घ्या. ती तुमची आहे, आणि चौथं मत घ्यायची वेळ आली तर परत किरणं घ्यावी लागणार नाहीत. आरशासमोरच्या तपासणीत हनुवटी सरकली का, बाजूने काढलेल्या फोटोत ओठ कुठे आहेत, आणि अहवालात सांध्याची अवस्था कोणती लिहिली आहे, एवढं कळवलंत तर याहून नेमकं सांगता येईल.